तारेचं दुसरं टोक कोणाच्या हातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंना दोन वर्षांचा मुलगा आहे आणि त्यांची पूर्णवेळ नोकरी आहे. नवराही नोकरी करतो आणि त्यांच्याच शब्दांत 'बरीच मदत करतो'. दिवसभर मुलाला एक ताई सांभाळतात. या ताईंना स्वतःची तीन वर्षांची मुलगी आहे, आणि ती दिवसभर कोणाकडे असते हे वर्षभर आपण विचारलंच नाही, असं त्या लिहितात. ऑफिसात 'वर्क-लाइफ बॅलन्स'वर एक सत्र झालं. त्यात वक्त्या 'इंटरसेक्शनल फेमिनिझम' हा शब्द उच्चारून पुढच्या स्लाइडवर गेल्या. तेव्हापासून यांच्या डोक्यात तीन गोष्टी घोळतायत. या शब्दाचा माझ्या रोजच्या धावपळीशी संबंध काय? मी जो तोल सांभाळते तो दुसऱ्या कोणाच्या जिवावर का? आणि सरळ नोकरीच सोडली तर हा गुंता सुटेल का?

मी २१ वर्षं नोकरी करणाऱ्या आयांसोबत समुपदेशक म्हणून काम करते आहे. 'बॅलन्स कसा साधू' हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता तो ऐकला की मी आधी कागद पुढे ओढते. तुम्ही मात्र त्याच्या पुढचा प्रश्न विचारलाय. तो फार थोड्या जणी विचारतात, कारण त्याचं उत्तर गैरसोयीचं आहे.

मराठीत आपण याला 'तारेवरची कसरत' म्हणतो. 'बॅलन्स'पेक्षा हा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो, त्यात निदान पडण्याची भीती तरी कबूल केलेली आहे. फक्त बघणारे सगळे बाईच्या पायांकडे बघतात. तार कुठे बांधलीय, ती ढिली कोणी सोडली, खाली जाळी आहे की नाही, इकडे कोणाचं लक्ष जात नाही. बाई स्वतःही पायांकडेच बघत असते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी 'मी कुठे कमी पडते' हाच प्रश्न घेऊन येतात, आणि त्यांच्या दिवसाचा हिशेब मांडला की दिसतं, चोवीस तासांत तीस तासांचं काम बसवायला घेतलंय. त्यात पायांचा काय दोष?

आता त्या शब्दाकडे येऊ. किंबर्ली क्रेनशॉ या अमेरिकन कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ मध्ये एका लेखात त्यामागची 'इंटरसेक्शनॅलिटी' ही कल्पना मांडली: बाई असणं, वंश, वर्ग अशा गोष्टी एकत्र आल्या की होणारा अन्यायही वेगळाच असतो. त्या लेखात त्यांनी जे खटले तपासले, त्यातला एक जनरल मोटर्सविरुद्धचा. या कंपनीत १९६४ पर्यंत कृष्णवर्णीय बायकांना कामावर घेतलंच जात नव्हतं. नंतर घेतलं. मग मंदी आली आणि 'जे शेवटी आले ते आधी जातील' या नियमाने कपात झाली. नियम सगळ्यांना सारखा होता. पण ज्यांना दारच उशिरा उघडलं, त्या शेवटी आलेल्याच असणार. १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायकांची नोकरी गेली. पाच जणी कोर्टात गेल्या. कोर्टाने १९७६ मध्ये काय म्हटलं, तर कंपनी बायकांना कामावर घेत आली आहे, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव नाही. (त्या बायका गोऱ्या होत्या, हा तपशील बाजूला राहिला.) आणि वंशभेदाची तक्रार असेल तर ती आधीच चालू असलेल्या वंशभेदाच्या दुसऱ्या दाव्यात जोडा. दोन्ही मिळून एक वेगळी तक्रार होऊ शकते, हे कोर्टाला मान्य झालं नाही. क्रेनशॉ यांनी यासाठी चौकाचं उदाहरण दिलं. चौकात उभ्या असलेल्या माणसाला गाडी या रस्त्यावरूनही येऊन धडकू शकते आणि त्या रस्त्यावरूनही, कधी दोन्हीकडून एकदम.

मराठीत 'आंतरछेदी स्त्रीवाद' असा शब्द वापरतात. जरा जडच आहे. मी गटात तो वापरत नाही. मी विचारते, 'हा नियम करताना कोणती बाई डोळ्यांसमोर होती? आणि कोणती नव्हती?' एवढ्यावर काम भागतं.

एक गैरसमज मात्र आधी बाजूला काढते, कारण तो शिकल्यासवरल्या मंडळींतच जास्त आहे. आंतरछेदी विचार म्हणजे दुःखाच्या गुणांची बेरीज नव्हे. गरीब असल्याचे इतके, एकटी आई असल्याचे इतके, अपंग असल्याचे इतके, स्थलांतरित असल्याचे इतके, आणि जिची बेरीज मोठी तिला बोलायचा पहिला मान, असा खेळ मी बैठकींतून पाहिलाय. त्यातून कोणाचं काही भलं होत नाही. मुद्दा हा आहे की या गोष्टी एकत्र आल्या की आईपणाचा प्रश्नच बदलतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या एक आई माझ्या गटात होत्या. बाकीच्या जणी 'मला कोणी मदतच करत नाही' म्हणून कळवळून बोलत होत्या. या म्हणाल्या, 'माझ्याकडे येणारा प्रत्येक जण मदतीच्या नावाखाली मूल माझ्या हातातून काढून घेतो.' तक्रार नेमकी उलटी, आणि दोन्ही खऱ्या. दोघींना एकच सल्ला देणारं सत्र निदान एकीवर तरी अन्याय करतं.

दुसरं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. एका मोठ्या इमारतीत रात्रपाळीला सफाई करणारी एक तरुण आई. बाळ पाच महिन्यांचं. त्या इमारतीतल्या एका कंपनीने स्तनदा मातांसाठी खास खोली केली होती. आरामखुर्ची, छोटा फ्रिज, दाराला आतून कडी, मंद दिवा. त्या खोलीबद्दल कंपनीचं कौतुकही झालं होतं. ही बाई ती खोली रोज रात्री पुसून काढायची, फ्रिज स्वच्छ करायची, खुर्चीवरचा टॉवेल बदलायची. आणि स्वतःचं दूध काढायला शेजारच्या झाडू-बादल्यांच्या कपाटात जायची, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून. कारण खोली 'कर्मचाऱ्यांसाठी' होती आणि ती कंत्राटदाराची माणूस. मजा बघा, त्या खोलीची किल्ली तिच्याच कमरेला होती. रात्री दोन वाजता तिथे दुसरं कोणीही नसायचं. मी विचारलं, 'मग गेली का नाहीस आत?' ती म्हणाली, 'कॅमेरा आहे ना बाहेर.'

ज्यांनी ती खोली केली त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर एक आई होती. ती दिवसा काम करते, तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आहे. जी रात्री येते तिची आई म्हणून त्यांच्या मनात नोंदच नव्हती.

कायदेही असेच चालतात. अमेरिकेत १९९३ पासून बाळंतपणासाठी किंवा घरातल्या गंभीर आजारासाठी १२ आठवड्यांची रजा देणारा केंद्रीय कायदा आहे. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच्या कडा तपासा. मालकाकडे किमान ५० माणसं हवीत, तुम्ही तिथे वर्षभर काम केलेलं हवं, त्या वर्षात १,२५० तास भरलेले हवेत, आणि रजा बिनपगारी. कायद्यात कुठेही गरीब, कृष्णवर्णीय किंवा स्थलांतरित बाईला वगळा असं लिहिलेलं नाही. पण छोट्या मालकाकडे कोण असतं? दोन-तीन ठिकाणी तुकड्या-तुकड्याने काम कोण करतं? बिनपगारी १२ आठवडे कोणाला परवडतात? अटी एकेक करून लावत गेलात की गाळणीतून कोण खाली पडतं ते आपोआप दिसतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा प्रसूती-संरक्षणाचा करार किमान १४ आठवड्यांची रजा आणि त्या काळात रोख लाभ सांगतो, आणि तो करताना नेहमीच्या चौकटीबाहेरच्या नोकऱ्यांतल्या बायकांचाही विचार केलेला आहे. पण करार कागदावर असतो. कपाटातल्या बादलीपर्यंत तो पोहोचायला फार वेळ लागतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मी कोणाच्या जिवावर तोल सांभाळते?

हो, ताईंच्या जिवावर. निदान काही प्रमाणात. उगाच धीर द्यायला 'नाही हो' म्हणणार नाही. तुमच्या तारेचं एक टोक त्यांच्या हातात आहे आणि त्यांच्या तारेचं टोक आणखी कोणाच्या तरी. त्यांच्या मुलीला आजी बघत असेल, शेजारीण बघत असेल, किंवा दहा वर्षांची मोठी बहीण शाळा बुडवून बघत असेल. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी २००० मध्ये या साखळीला 'ग्लोबल केअर चेन' म्हटलं. एका देशातली आई दुसऱ्या देशात जाऊन तिथल्या मुलांना सांभाळते, तिच्या मुलांना मागे कोणी तिसरी सांभाळते, आणि त्या तिसरीची मुलं तिच्या थोरल्या लेकीकडे. एकेक कडी खाली गेलं की पैसा कमी होत जातो. शेवटच्या कडीला तो शून्य असतो. तिथे फक्त एक मुलगी असते, जिला कोणी विचारलेलंही नसतं.

ही साखळी किती मोठी आहे याची कल्पना यावी म्हणून थोडे आकडे देते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार ६४ देशांत मिळून रोज सुमारे १६.४ अब्ज तास बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांत जातात, आणि त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त काम बायका करतात. त्याच संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाने पगारी घरकामगार साडेसात कोटींच्या वर आहेत, आणि पाचातल्या चार जणांना कामगार म्हणून कुठलंही औपचारिक संरक्षण नाही. यातही तीन चतुर्थांश बायकाच. म्हणजे काम फुकट असो की पगारी, करणारी तीच. नवऱ्याने न उचललेलं काम हवेत विरून गेलं नाही, ते एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे सरकलं, एवढंच. तुमच्या घरात तुम्ही आणि ताई मिळून जे दोन आयुष्यांचं गणित जुळवताय, त्यात तिसरा मोठा माणूस घरात आहे आणि त्याचं नाव समीकरणात येतच नाही. हे मला तुमच्या पत्रातही दिसलं. ताईंबद्दल तुम्ही बारा ओळी लिहिल्यात, नवऱ्याबद्दल एक.

तुम्हाला अपराधी वाटतं, हे मी समजू शकते. पण अपराधीपणाचं मी फारसं कौतुक करत नाही. त्याने ताईंचं वीजबिल भरलं जात नाही. मी अशा घरांत पाहिलंय की मालकिणीला जितकं अपराधी वाटतं तितके जुने कपडे आणि उरलेली खेळणी ताईंच्या पिशवीत जातात, आणि पगारवाढीचा विषय निघाला की 'तुम्ही तर घरच्याच' असं उत्तर येतं. 'घरच्याच' या शब्दापासून सांभाळून राहा. घरच्या माणसाला उशिरापर्यंत थांबवून घेताना पैसे विचारावे लागत नाहीत, म्हणून तो शब्द येतो. घरच्या माणसाचा वाटा किंवा आजारपणातली काळजी मात्र त्या शब्दासोबत येत नाही.

मग करायचं काय? त्यांच्याशी बसून तास ठरवा, आणि कागदावर लिहा. किती वाजता येणं, किती वाजता जाणं. आठवड्याची सुटी कोणती. वर्षात पगारी रजा किती, आणि त्यांच्या मुलीच्या आजारपणाची रजा त्यात वेगळी धरलेली. तुम्हाला ऑफिसात उशीर झाला तर तासाचे किती, आणि थांबायला त्या नाही म्हणू शकतात हेही लिहायचं. शेवटची अट बहुतेक जणी विसरतात. नाही म्हणायची सोय नसेल तर जादा पैसे हा मोबदला नसतो, ती सक्तीच असते. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, त्यात जवळपास हेच आहे. कामाच्या अटी कळतील अशा रीतीने सांगितलेल्या, शक्यतो लेखी. आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती. यात क्रांतिकारक काही नाही. तुमच्या स्वतःच्या नेमणूकपत्रात हे सगळं आहेच की.

त्यांची मुलगी कोणाकडे असते हे विचाराल तेव्हा कशासाठी विचारताय हे आधी स्वतःशी पक्कं करा. कणव म्हणून विचारलंत तर त्या 'चाललंय ठीक' म्हणतील आणि विषय संपेल. वेळा ठरवायच्या म्हणून विचारलंत तर खरं उत्तर मिळेल. एका घरात असं विचारल्यावर कळलं की ताईंना संध्याकाळी फक्त २० मिनिटं आधी निघता आलं असतं तर त्यांच्या मुलीला पाळणाघरातून वेळेत घेता आलं असतं. रोज उशीर व्हायचा आणि त्याचा दंड पडायचा. पगारातला मोठा हिस्सा त्या दंडात जात होता आणि घरमालकिणीला याचा पत्ताच नव्हता. ती २० मिनिटं नंतर नवऱ्याच्या वेळापत्रकातून निघाली. तो ज्या कामासाठी थांबत होता ते जिमचं निघालं.

आणि एक, हळवा भाग आहे म्हणून हलकेच सांगते. मूल ताईंना बिलगून तुमच्याकडे यायला नाही म्हणेल, तेव्हा पोटात खड्डा पडेल. तो पडणारच. त्याचा राग ताईंवर निघू देऊ नका. ज्या कामासाठी तुम्ही त्यांना ठेवलंय ते त्या नीट करतायत याची ती पावती आहे.

आता नवऱ्याकडे. 'मदत करतो' या वाक्यात सगळं आलं. मदतनीस सांगितलेलं काम करतो, काम आहे हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी त्याची नसते. माझ्याकडे जोडपी आली की मी त्यांना एकच काम निवडायला लावते आणि त्याचे तुकडे पाडायला लावते. एका जोडप्याने मुलाची लस निवडली. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं होतं. नवऱ्याच्या कागदावर एक ओळ होती: 'लस – मी नेलं.' बायकोच्या कागदावर: तारीख लक्षात ठेवली. कार्ड शोधलं. मागच्या वेळी ताप आला होता म्हणून डॉक्टरांना आधी फोन केला. त्या दिवशीची मीटिंग पुढे ढकलली, वरिष्ठांना कारण काय सांगायचं याचा रात्री विचार केला. जादा कपडे भरले. नवऱ्याला वेळेची दोनदा आठवण केली. रात्री तीनला ताप मोजला. दुसऱ्या दिवशी सांभाळणाऱ्या बाईंना काय करायचं ते समजावलं. कार्ड परत जागेवर ठेवलं. नवऱ्याने तो कागद वाचला आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'पण गाडी मी चालवली होती.' खोटं नव्हतं ते.

आपल्याकडे म्हण आहे, घार हिंडे आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी. आईच्या मायेचं कौतुक म्हणून ती सांगतात. मला ती कामाच्या वाटणीची नोंद वाटते. भक्ष्य शोधायचंय तिला आणि चित्तही तिचंच घरट्यात. नर घारीचं चित्त कुठे आहे, हे म्हणीला विचारावंसं वाटलेलं नाही.

म्हणून घरात मी 'अर्धं-अर्धं' सुचवत नाही. अख्खं काम द्या, मुळापासून शेंड्यापर्यंत. आजारपण त्याचं असेल तर ताप आल्याचा फोन त्यालाच, डॉक्टर त्याचे, रजा त्याची, औषध संपल्याचं लक्षात ठेवणंही त्याचं. तो तुमच्या पद्धतीने करणार नाही. पहिला महिना तुमचा जीव वरखाली होईल. मध्ये पडलात की काम परत तुमच्याकडे येतं, मी शेकडो घरांत हे पाहिलंय.

हा सल्ला मी सगळ्यांना देत नाही, हेही सांगायला हवं. 'नवऱ्याशी बोला' हे वाक्य धरून चालतं की घरात नवरा आहे आणि त्याच्याशी बोलणं सुरक्षित आहे. ज्या घरात हात उगारला जातो तिथे हा कागदांचा खेळ धोक्याचा ठरतो. तिथे पहिलं काम स्वतःच्या नावावरचं बँक खातं, हाताशी असलेली कागदपत्रं आणि विश्वासाचं एक माणूस. एकट्या आईला तर 'वाटून घ्या' हे ऐकायलाही चीड येते. अशाच एकीने मला शाळेचा एक फॉर्म दाखवला होता. 'आईचा फोन' आणि 'वडिलांचा फोन', दोन्ही चौकोन भरल्याशिवाय अर्ज पुढे जाईना. तिने दोन्हीकडे स्वतःचाच नंबर टाकला. यंत्राने सांगितलं, दोन्ही क्रमांक वेगळे हवेत. शेवटी तिने मैत्रिणीचा नंबर 'वडील' म्हणून दिला आणि ती मैत्रीण आजही त्या शाळेत वडील आहे. दोन्ही पालक बायकाच असलेलं जोडपंही याच चौकोनापाशी अडकतं.

ऑफिसबद्दल थोडं. आई झालं की बाई कामात ढिली पडते, हा समज किती खोल आहे ते समाजशास्त्रज्ञ शेली कॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं. सारख्याच पात्रतेचे अर्ज, फरक इतकाच की काहींत अर्जदार पालक असल्याचा ओझरता उल्लेख. आई असलेल्या अर्जदारांना मूल नसलेल्या बायकांच्या निम्म्याने बोलावणी आली. वडील असल्याने पुरुषांचं काही बिघडलं नाही. तेव्हा 'मी जरा जास्त मेहनत घेतली तर दिसेल त्यांना' या भ्रमात राहू नका. ढिलाई बघणाऱ्याच्या डोळ्यांत आधीच असते.

उपाय म्हणून सवलती फक्त आयांसाठी मागितल्या की आई महाग पडते, म्हणून आई-वडील दोघांसाठी मागा, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. १९८१ चा कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करारही हेच म्हणतो, स्त्री आणि पुरुष दोघांनाही. तत्त्व बरोबर आहे. पण सगळ्यांना सारखं दिलं की सारखं होतं, असं नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांत मूल झालेल्या प्राध्यापकांना, पुरुष असो की स्त्री, नोकरी कायम होण्याआधी एक वर्ष जादा मिळायला लागलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यामुळे त्याच विभागात कायम होणाऱ्या पुरुषांचं प्रमाण वाढलं आणि बायकांचं घटलं. बायकांचं वर्ष बाळात गेलं, अनेक पुरुषांचं संशोधनात. म्हणून मला आइसलँडची पद्धत जास्त पटते. तिथे २००० च्या कायद्याने वडिलांच्या वाट्याचे महिने वेगळे काढले. बाबांनी ते घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला मिळत नाहीत. २०२१ पासून दोघांना सहा-सहा महिने, त्यातले फक्त सहा आठवडे एकमेकांना देता येतात. हे आपसूक आलेलं नाही. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या जवळजवळ ९० टक्के बायकांनी एक दिवस घरचं आणि बाहेरचं, दोन्ही काम बंद ठेवलं होतं. बापांना मुलं घेऊन ऑफिसात जावं लागलं.

तुमच्या ऑफिसात पुढचं सत्र होईल तेव्हा एकटीने हात वर करू नका. चार-पाच जणी मिळून जा, जमलं तर एखादा बापही घ्या. आणि मागणीत एक ओळ घाला: जी सोय होईल ती कंत्राटी माणसांनाही. या ओळीवर सगळ्यात जास्त खळखळ होईल. पैसे कुठून आणायचे, कंत्राटदार ऐकेल का, हे प्रश्न निघतील. निघू द्या. ती ओळ खोडून बाकीचं मान्य करायची तयारी दाखवली जाईल. तेव्हा तुम्ही काय करता, याला त्या स्लाइडवरच्या शब्दापेक्षा जास्त महत्त्व आहे.

राहिली नोकरी. सोडायची का?

सोडलीत म्हणून तुम्ही वाईट स्त्रीवादी ठरत नाही, टिकवलीत म्हणून वाईट आईही नाही. बाईने काम करावं की नाही हा वादच मुळात थोड्यांचा आहे. बहुसंख्य आया कायम कामच करत आल्या आहेत, त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि ही गोष्ट कृष्णवर्णीय आणि कष्टकरी बायकांनी स्त्रीवादी चळवळीला अनेकदा कडक शब्दांत ऐकवलेली आहे. तुमच्या ताईंना विचारून बघा, 'काम सोडावं का' हा प्रश्न त्यांना कधी पडला होता का.

पण निर्णय घ्यायचाच असेल तर गणित नीट मांडा. माझ्यासमोर मांडलेल्या दहांतल्या नऊ गणितांत सांभाळण्याचा खर्च आईच्या पगारातून वजा केलेला असतो. 'माझा निम्मा पगार तर तिकडेच जातो.' का? मूल दोघांचं आहे, खर्च दोघांच्या पगारातून वजा करा, मग बघा काय दिसतं. दुसरं, आज काय उरतं एवढंच बघू नका. डेन्मार्कसारख्या, पाळणाघरं आणि पगारी रजा भरपूर असलेल्या देशातही पहिलं मूल झाल्यावर बायकांची कमाई पुरुषांच्या मानाने घसरते आणि दीर्घकाळात सुमारे २० टक्क्यांनी मागेच राहते, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. आणि हा आकडा नोकरी सोडणाऱ्या आणि टिकवणाऱ्या सगळ्या मिळून आहे. पूर्ण सोडली तर बढती, अनुभव, निवृत्तीची शिल्लक आणि घरातल्या निर्णयांत तुमच्या शब्दाला असलेलं वजन, सगळ्याचंच व्याज थांबतं. आणि तुम्ही घरी बसलात तर ताईंचं काम जातं, हेही गणितात धरा. त्यांच्या मुलीसाठी तुम्ही नोकरी सोडणार असाल, तर तिच्या घरातला पगार आधी बंद होईल.

माझं मत विचाराल तर आत्ता सोडू नका. सहा महिने द्या, आणि त्या सहा महिन्यांत स्वतःला बदलायचा कार्यक्रम हाती घेऊ नका. पहाटे पाचला उठणं, डायरी लिहिणं, स्वतःसाठी रोज वीस मिनिटं, काही नको. आधी ताईंशी बसून तासांचा कागद करा, त्या बैठकीत नवरा हजर हवा आणि कागदावर सही दोघांची. त्यांना थोडं लवकर निघायची गरज असेल तर तो वेळ त्याच्या वेळापत्रकातून काढा. मग ताईंच्या फोनमध्ये पहिला नंबर त्याचा घाला, तुमचा दुसरा. पहिले दोन आठवडे काय होईल तेही सांगते. ताई त्याला फोन करतील आणि तो तिथून तुम्हाला करेल, 'अगं, ताप आलाय, औषध कुठलं द्यायचं?' डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद कुठे आहे ते सांगा आणि फोन ठेवून मीटिंगमध्ये परत जा.